कीबोर्डमध्येच बसवलेला स्वस्तातला कॉम्प्युटर सातवीतल्या मुलीला घ्यावा, की सेकंडहँड लॅपटॉप?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सातवीत आहे, बजेट बेताचं आहे, आणि सोल्डरिंगचा थोडा नाद तुम्हालाही आहे. हा शेवटचा मुद्दा तुम्ही सहज टाकलाय, पण माझं उत्तर त्यावरच ठरतं. नाद असेल तर कीबोर्डवाला घ्या. नुसता अभ्यास, ऑनलाइन क्लास आणि पुढे एमएस-सीआयटी किंवा टॅली एवढंच डोक्यात असेल, तर सरळ सेकंडहँड लॅपटॉप बघा. कीबोर्डवाल्या मशीनवर विंडोज नाही, लिनक्स चालतं, टॅलीवाले त्याला हात लावणार नाहीत. शिवाय याला कॅमेरा नाही, माइक नाही, हेडफोनचं भोकसुद्धा नाही. क्लाससाठी यूएसबीचा वेबकॅम घ्यायचा म्हणजे परत खर्च.

आमच्याकडे तीन वर्षांपासून रास्पबेरी पाय 400 आहे. कीबोर्डच्या पोटातच कॉम्प्युटरची सगळी सर्किट पाटी, 4 जीबी रॅम, मागच्या कडेला वायरींची भोकं. तो नोव्हेंबर 2020 मध्ये आला तेव्हा नुसत्या मशीनची किंमत 70 डॉलर होती आणि अडॉप्टर, माउस, कार्ड, केबलसकट 100. त्याच्या पुढचा पाय 500 हा डिसेंबर 2024 मध्ये 90 डॉलरला आला. त्यात 8 जीबी रॅम आहे आणि तो बराच चपळ आहे. आपल्याकडे कर आणि आयात धरून आकडा वाढतो, वर मेमरी चिपा महागल्यामुळे भाव चढलेत, तेव्हा जुने व्हिडिओ बघून किंमत धरू नका. चार-पाच टॅब उघडले की आमचा 400 धापा टाकतो. झेपत असेल तर 500 घ्या.

आता न दिसणारा खर्च. याला स्वतःचा पडदा नसतो, टीव्हीला जोडावं लागतं. टीव्हीकडे जाणारी केबल साधी एचडीएमआय नसते, मशीनच्या बाजूला बारकं मायक्रो तोंड लागतं, आणि ती केबल मला इथे तीन दुकानं फिरून मिळाली. अडॉप्टर त्याचाच घ्या. मी शहाणपणा करून मोबाइलचा चार्जर लावला होता. व्होल्टेज कमी असल्याची सूचना सारखी यायची आणि पोरगं खेळत असताना मशीन मधेच बंद पडायचं. आणि याची सगळी सिस्टीम मेमरी कार्डावरच असते, तेव्हा ते चांगल्या दुकानातून घ्या. मी रस्त्यावरून घेतलेलं '64 जीबी'चं कार्ड पहिल्याच महिन्यात गेलं.

कार्डावरून आठवलं. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि याला बॅटरी नसते. लिहिता लिहिता लाइट गेली की कार्डावरची सिस्टीम बिघडू शकते. आमची सिस्टीम दोनदा बिघडली. आता दुसरं कार्ड सिस्टीम टाकून कपाटात तयार असतं, अदलाबदल केली की पाच मिनिटांत चालू. एक चांगलीही गोष्ट सांगतो. आत पंखा नाही, धातूची एक रुंद पट्टी आहे, तीच उष्णता बाहेर टाकते. आमच्या घरापुढेच यंत्रमाग आहेत, सुताची रुई सगळीकडे बसते. आधीच्या जुन्या डेस्कटॉपचा पंखा दर दोन महिन्यांनी उघडून साफ करावा लागायचा. हा मे महिन्याच्या उन्हातही निमूट चालला.

आता तुमच्या नादाकडे येतो. मागच्या बाजूला 40 पिना आहेत, त्यांना बाहेरचे स्विच, बझर असं काही जोडता येतं. लॅपटॉपला हे नसतं, आणि यासाठीच हे मशीन घ्यायचं.

नळाला पाणी किती दिवसांआड येतं हे तुम्हाला मी काय सांगू. आमच्या गल्लीत ते रात्री अडीच-तीनला येतं आणि कुणीतरी जागं राहावं लागतं. पोरानं डोकं लावलं. नळ उघडा ठेवायचा, खाली रिकामी बादली, बादलीत एक छोटा फ्लोट स्विच. हा स्विच इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, पाण्यानं वर उचलला की आतली जोडणी जुळते, आणि ते कळलं की मशीननं बझर वाजवायचा. त्याची एक वायर 9 नंबरच्या पिनेला, म्हणजे ग्राउंडला, दुसरी 11 नंबरला, तिचं सॉफ्टवेअरमधलं नाव जीपीआयओ 17. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत जीपीआयओ झिरो नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच आहे, तिच्यात स्विचला बटण म्हणूनच धरायचं. ओळी लिहिल्या सगळ्या मिळून आठ. बझर मात्र थेट पिनेला जोडू नका, मधे ट्रान्झिस्टर (छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच) घाला, कारण पिनेला एवढा करंट झेपत नाही. आणि 5 व्होल्टची वायर चुकूनही या इनपुट पिनांना लावू नका. त्या 3.3 व्होल्टच्या आहेत, लगेच जळतात.

पहिल्या रात्री बझर वाजलाच नाही. आईनं झोपताना बादली भरलेली बरी म्हणून पिंपातलं पाणी ओतून ठेवलं होतं, स्विच आधीच वर तरंगत होता. मग पोरानं प्रोग्रॅममध्ये भर घातली की सुरुवातीलाच बादली भरलेली असेल तर पडद्यावर ओरडायचं. इफ-एल्स, म्हणजे 'असं असेल तर हे, नाहीतर ते', त्याला शाळेच्या पुस्तकातून कळलं नव्हतं, ते इथे कळलं. बायनरी, म्हणजे कॉम्प्युटरची 0 आणि 1 ची भाषा समजावताना मी त्याला जुन्या मागावरचं नक्षी विणायच्या जेकार्डचं पुठ्ठ्याचं कार्ड दाखवलं: भोक असेल तर सुई जाते, नसेल तर अडते. चादरीवरचा मोर असाच निघतो म्हटल्यावर गडी तासभर भोकं मोजत बसला.

बाकी टायपिंग, स्क्रॅच (मुलांचं प्रोग्रॅमिंग), लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं), मराठी लिहिणं हे सगळं फुकटात होतं. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय लेआउट जोडा. कळांवर देवनागरी छापलेली नसते, सवय होते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. चहा सांडला तर कीबोर्ड आणि कॉम्प्युटर दोन्ही एकदम जातात. नुसत्या एक-दोन कळा गेल्या तर बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावून काम चालतं.

आणि आमच्या घरात खरी अडचण झाली ती मालिकांची. संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही आईचा असतो, आणि पोराचा अभ्यासही त्याच वेळेला. शेवटी जुन्या बाजारातून एक मॉनिटर आणला. त्याला एचडीएमआय नव्हतं, फक्त जुन्या पद्धतीचं व्हीजीए तोंड होतं म्हणून मधे कन्व्हर्टर लावला, आणि त्या पडद्याला आवाज नसल्यानं यूएसबीचं साउंड कार्ड. तुम्ही पैसे मोजण्याआधी टीव्हीच्या मागे हात घालून बघा, एचडीएमआयचं भोक मोकळं आहे का. आमचं एकुलतं एक सेट-टॉप बॉक्सनं अडवलं होतं.