घोरपडीच्या कातड्याशिवाय घुमट वाजतं का?

"घोरपडीचं कातडं बंद झालं, म्हणजे गोव्याचं घुमटही संपलंच ना?" असं विचारलंय तुम्ही. नाही संपलं. मी फोंडा तालुक्यातला. वीसेक वर्षं चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, वाड्यावरच्या आरत्यांत घुमट वाजवतोय, त्यातली बरीचशी बकऱ्याच्या कातड्यावर.

फरक पडतो, हे कबूल. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं मडकं. मोठं तोंड कातड्याने मढवलेलं, लहान उघडं. उजव्या हाताची थाप कातड्यावर, डावा तळहात लहान तोंडाची उघडझाप करतो. हवा कोंडली-सोडली की घुमारा चढतो-उतरतो. म्हणजे निम्मं बोलणं डाव्या हाताचं. घोरपडीचं कातडं पातळ, ताठ. नुसत्या बोटालाही बोलायचं. बकऱ्याचं तासून पातळ केलं नाही तर मठ्ठ वाजतं. त्यात चवथ येते भर पावसात. दमट हवेत कातडं सैल पडतं, मग आरतीआधी ते धगीवर शेकत बसा. आमच्याकडे एकाने घाईत जास्तच शेकलं आणि माटोळीखालीच, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखालीच, ते फाटलं!

पण "जुन्या पद्धतीचं देतो" म्हणून कोणी घोरपडीचं दाखवलं तर घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला पहिल्या अनुसूचीत ठेवलंय, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या आरतीसाठी तिने का मरावं?

मला काळजी कातड्याची नाही, मडक्याची वाटते. पाणी भरायचं मडकं आणि घुमटाचं मडकं यात फरक असतो. गळा आणि भिंतीची जाडी जमली नाही तर कुठलंही कातडं लावा, घुमत नाही. ते जमणारे कुंभार कमी होताहेत. कुणबी-गावडा समाजांचं म्हादळें हे चर्मवाद्य तर त्याहून दुर्मीळ, तेही मातीचंच.

काचेच्या कपाटात ठेवून यातलं काही टिकेल असं मला वाटत नाही. घुमट हिंदूंच्या सुंवारीत, म्हणजे सामूहिक वादनात, शामेळ-कांसाळ्यांबरोबर (चर्मवाद्य आणि झांजा) वाजतं, ख्रिस्ती घरांत मांड्यात, म्हणजे मांडो या कोंकणी गाण्यात, व्हायोलिनबरोबर वाजतं, म्हणूनच ते आजवर राहिलं. तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर कुंभाराकडून एक विकत घ्या. चवथीआधी संध्याकाळी वाड्यांवर तालमी चालतात, तिथे जाऊन बसा. कोणी हाकलत नाही. पहिल्या दिवशी तळहात सुजतो, एवढंच.