वाचक विचारतात : गोदामातली पॅकार्ड

प्रश्न : आमच्या चुलत्यांनी देश स्वतंत्र झाल्यानंतर विकत घेतलेली पॅकार्ड मोटार गोदामात झाकून ठेवलेली आहे. ती एका संस्थानिकांची होती, असे विकणाऱ्याने तेव्हा सांगितले होते. होटगी रोडवरचे एक मिस्त्री गड्ड्याच्या यात्रेआधी इंजिन चालू करून पूर्ण रंगकाम करून देतो म्हणतात. करून घ्यावे का, आणि गाडी खरोखर संस्थानी आहे हे कसे ओळखावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : रंगकामाला तूर्त हात लावू देऊ नये. जुना रंग, आसनांचे चामडे, दाराच्या आतली घासलेली जागा हा सारा पुरावाच असतो आणि मिस्त्रींचा पॉलिशपेपर एकदा फिरला की तो परत मिळत नाही. आधी प्रत्येक भागाची जवळून छायाचित्रे काढून ठेवावीत.

मग बॉनेट उघडून इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर धातूची पट्टी आहे का ते पाहावे. १९३०च्या दशकातील पॅकार्डवरच्या या पट्टीवर गाडीच्या क्रमांकासोबत ती कोणत्या विक्रेत्याने, कोणत्या गावी आणि कोणत्या तारखेला दिली, हे ठोकलेले असते. त्यावर मुंबईच्या विक्रेत्याचे नाव निघाले, तर निम्मे काम झाले. मात्र अशा पट्ट्या नव्याने बनवूनही मिळतात, त्यामुळे इंजिनाच्या ब्लॉकवरचा क्रमांक त्याच वर्षाच्या त्याच मॉडेलशी जुळतो का, हेही तपासावे लागेल. बॉनेटच्या टोकावरचा शोभेचा धातूचा पक्षी गायब असला तर फार मनाला लावून घेऊ नये. चोरांची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

मॉडेल ठरवणे महत्त्वाचे आहे, कारण पॅकार्ड म्हटली की दुर्मिळ असे नाही. मंदीच्या काळात तग धरण्यासाठी कंपनीने १९३५ साली ‘१२०’ हे बरेच स्वस्त मॉडेल काढले आणि ते भरपूर विकले गेले. १९३३ ते १९३९ या काळातील बारा सिलिंडरची ‘ट्वेल्व्ह’ मात्र मोजक्या श्रीमंतांचीच गाडी होती.

‘राजाची गाडी’ हे बिरुद आपल्याकडे जुन्या मोटारींना फार सहज चिकटते, आणि आमच्या मते कागद हाती येईपर्यंत ते वापरू नये. चुलत्यांची खरेदीची पावती, जुने नोंदणीपुस्तक, विम्याचे कागद आणि घरातील समारंभांची छायाचित्रे शोधावीत. संस्थानाचे नाव कळल्यास त्याच्या दफ्तरातील मोटारखान्याच्या खर्चाच्या नोंदी कोठे आहेत, याची चौकशी करता येईल.

इंजिनाला बॅटरी जोडून थेट स्टार्टर मारणे धोक्याचे आहे. टाकीतले जुने, चिकट झालेले पेट्रोल काढावे, स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे आणि काही दिवसांनी इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाहावे; अडले तर जोर लावू नये. आपल्याकडील कोरड्या हवेत पत्रा तुलनेने कमी गंजतो, पण रबर तडकते आणि बॉडीच्या आत लाकडी सांगाडा असल्यास त्याचे सांधे सैल होतात, म्हणून दारे उचलून, हलवून पाहावीत.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनाला ‘व्हीए’ मालिकेतील नोंदणी मिळते. त्यासाठी २०,००० रुपये शुल्क असून ती दहा वर्षे चालते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झाला असल्यास मात्र ही नोंदणी मिळत नाही, तेव्हा मिस्त्रींनी दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवण्याचे सुचवल्यास ठामपणे नकार द्यावा.