पगाराची स्लिप थांबण्याआधी

नोकरी सोडून डिझाइन, चित्रं, फोटो किंवा व्हिडिओ संकलनाचं स्वतःचं काम सुरू करू पाहणाऱ्या ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांच्या निवडक प्रश्नांना ही उत्तरं. कंपनी आपल्यासाठी गुपचूप जे जे करत असते, ते पगार बंद झाल्यावर एकेक करून समोर येतं. त्याची सोय आधी करता येते, आणि ती आधीच करावी, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत व्हिज्युअल डिझायनर आहे. वय ३४, हातात ९५ हजार येतात, घराचा हप्ता चालू आहे. पॅकेजिंग डिझाइनचं काम स्वतंत्रपणे करायचं ठरवलं आहे. नोटीस दोन महिन्यांची आहे. राजीनामा देण्याआधी काय उरकून घ्यावं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी आरोग्य विमा. कंपनीचं ग्रुप मेडिक्लेम बहुधा कामाच्या शेवटच्या दिवशी संपतं. नव्या वैयक्तिक पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजारांचा दावा मिळत नाही, आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३ वर्षांचा प्रतीक्षा काळ असू शकतो. म्हणून पॉलिसी राजीनाम्याच्या आधी घ्या. ते ३० दिवस मग कंपनीच्या विम्यातच निघून जातात. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचीही सोय असते. तोवर मोजून झालेला प्रतीक्षा काळ त्यात धरतात का, हे एचआरला ईमेलवर विचारा. फॉर्ममध्ये रक्तदाब, मधुमेह लपवू नका, कारण पुढे दावा त्याच मुद्द्यावर अडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेव्हा त्याआधीचं कोटेशन हाताशी असेल तर नवं मागवा.

मग कर्ज. पगारदाराला बँक सॅलरी स्लिपवर तपासते, स्वतःचं काम करणाऱ्याकडे मात्र सहसा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. गृहकर्ज कमी व्याजाच्या बँकेत हलवायचं असेल तर ते आत्ता करा. नव्या कामासाठी म्हणून वैयक्तिक कर्ज मात्र काढू नका.

ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे सेवेबद्दल नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी रकमेसाठी, कायम कर्मचाऱ्याची सलग पाच वर्षं लागतात. हिशेब असा : शेवटचा मूळ पगार गुणिले १५ गुणिले वर्षं, भागिले २६. मूळ पगार ४० हजार आणि सेवा ५ वर्षं असेल तर साधारण १ लाख १५ हजार होतात. तुमची चार वर्षं आठ महिने झाली असतील तर चार महिने थांबणं हा घाबरटपणा नाही, ती दोन महिन्यांच्या घरखर्चाची तरतूद आहे. पीएफ मोडू नका. नोकरी सुटल्यावर त्यावर जमणारं व्याज मात्र करपात्र असतं, हे विवरणपत्र भरताना लक्षात ठेवा.

नेमणूकपत्र काढून दोन कलमं वाचा. नोकरीत असताना बाहेरचं काम करायला मनाई असेल तर ती पाळावी लागते. नोकरी सोडल्यावर ‘याच क्षेत्रात काम करायचं नाही’ अशी अट मात्र भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट टिकते. जुन्या कंपनीच्या ग्राहकांची यादी, फाइल्स, टेम्पलेट यांतलं काहीही सोबत आणू नका.

अनेकांचं अडतं ते पोर्टफोलिओत, म्हणजे ग्राहकाला दाखवायच्या कामांच्या संचात. नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट मालकाचा असतो, आणि तुमचं आजवरचं काम बहुतेक पडद्यावरचं असणार. पॅकेजिंग हवं असलेला माणूस डबा हातात घेऊन बघतो. म्हणून सुट्टीच्या दिवशी तीन नमुने स्वतः करा : एक पाऊच, एक बाटलीचं लेबल, एक पुठ्ठ्याचा डबा. डायलाइन (कापायच्या आणि घडीच्या रेषा) वेगळ्या लेयरवर, कडेला ३ मिमी ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेलं चित्र), रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंत), छायाचित्रं ३०० डीपीआय, फॉन्ट कर्व्हमध्ये (अक्षरांचे आकार करून). डिजिटल प्रिंट काढून, कापून, घडी घालून बघा. घडीवर अक्षर येणं, चिकटपट्टीखाली बारकोड जाणं या चुका पडद्यावर दिसत नाहीत.

हाताशी पैसे किती हवेत? हप्त्यासकट नऊ महिन्यांचा घरखर्च, असं आम्ही धरतो. सहा महिन्यांचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण पहिलं काम मिळणं, ते पुरं होणं आणि त्याचे पैसे येणं यांतच चार-पाच महिने सहज जातात.

प्रश्न : दर कसा ठरवायचा? मी महिन्याच्या पगाराला २२ दिवसांनी भागलं, पण तो आकडा कमी वाटतो.
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : कमीच आहे, कारण २२ च्या २२ दिवस कुणी पैसे देत नाही. वर्षाच्या ३६५ दिवसांतून १०४ शनिवार-रविवार, १५ सण आणि १२ दिवस आजारपण-रजा वजा केली की २३४ उरतात. त्यांतला निम्मा वेळ कामं शोधणं, बोलणी, कोटेशन, हिशेब आणि शिकणं यांत जातो. बिल लावता येतील असे दिवस १२० धरा.

आता गरज मांडा. महिन्याचा घरखर्च ५५ हजार, विमा ३ हजार, पीएफऐवजी बचत १२ हजार, सॉफ्टवेअर-इंटरनेट-सीए-प्रवास १२ हजार, लॅपटॉप बदलण्यासाठी बाजूला ३ हजार, कोरड्या महिन्यांसाठी ५ हजार. एकूण ९० हजार, म्हणजे वर्षाला १० लाख ८० हजार. भागिले १२०, दिवसाचा दर ९ हजार. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच.

हा दर ग्राहकाला सांगायचा नसतो. त्यावरून कामाची किंमत काढायची. वाशीच्या एपीएमसीतल्या व्यापाऱ्याला सहा मसाल्यांची लेबलं हवी आहेत असं धरा. पहिल्या लेबलाला अभ्यास आणि पर्यायांसह ५ दिवस, उरलेल्या पाचांना अर्धा-अर्धा दिवस म्हणजे अडीच, प्रूफ आणि छपाईवर देखरेखीला दीड. नऊ दिवसांचे ८१ हजार. तो म्हणाला, ‘माझ्याकडे पंचवीस-सत्तावीसच आहेत,’ तर दर पाडू नका, काम कमी करा : एकच लेबल, एकच पर्याय, दुरुस्तीची एकच फेरी, तीन दिवस, २७ हजार. एकदा पाडलेला दर त्या बाजारात तोंडोतोंडी फिरतो. गाळे एकमेकांना लागून आहेत.

कोटेशनमध्ये दुरुस्तीच्या फेऱ्या आकड्यात लिहा. दोन फेऱ्या पुरतात, तिसऱ्या फेरीचा दर आधीच द्या. लेबलावरचा मजकूर, म्हणजे निव्वळ वजन, एमआरपी, एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, ही ग्राहकाची जबाबदारी आहे असं स्पष्ट वाक्य घाला आणि छपाईआधीच्या प्रूफवर लेखी मंजुरी घ्या. पाच हजार डब्यांवर फोन नंबरचा एक आकडा चुकला की पुनर्छपाईचा खर्च कुणाचा, याचं उत्तर त्या मंजुरीतच असतं. आंब्याच्या पेट्यांचं काम आलं तर आणखी एक काळजी घ्या. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरू देणारी नोंदणी) मिळालं आहे. पेटीवर तसं छापण्याआधी व्यापारी त्याचा नोंदणीकृत वापरकर्ता आहे का, हे विचारा.

प्रश्न : घरून काम करावं की को-वर्किंगमध्ये जागा घ्यावी?
– एक वाचक, खारघर

उत्तर : पहिलं वर्ष घरून. ग्राहकाला भेटायचं तर त्याच्याच कारखान्यात किंवा गाळ्यात जा. त्याचं मशीन, कच्चा माल आणि जुनी पॅकिंगं तिथेच बघायला मिळतात. घरात दार लावून बसता येत नसेल तर मात्र ठरावीक दिवसांसाठी टेबल घ्या, महिन्याचं केबिन नको.

प्रश्न : वागळे इस्टेटमधली एक कंपनी काम द्यायला तयार आहे, पण जीएसटी नंबर मागते. घ्यावाच लागेल का? आणि टीडीएस कापणार म्हणतात तो काय प्रकार?
– एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : सेवांसाठी वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर जीएसटी नोंदणी सक्तीची होते. परदेशी ग्राहकांकडून आलेली रक्कमही या २० लाखांत मोजतात. त्याआधी ऐच्छिक नोंदणी करता येते, पण मग काम असो-नसो विवरणपत्रं भरावीच लागतात. कंपनीला लेखी कळवा की उलाढाल मर्यादेखाली असल्याने नोंदणी नाही. बऱ्याच कंपन्यांचं तेवढ्यावर भागतं. नोंदणी नसताना बिलात १८ टक्के जीएसटी लावू नका, तो गुन्हा ठरतो.

एक सापळा छपाईचा आहे. ग्राहक म्हणतो, ‘छापून पण तुम्हीच द्या.’ तीन लाखांची छपाई तुमच्या बिलातून गेली की तीन लाख तुमच्या उलाढालीत धरले जातात, तुमच्या पदरी त्यांतलं थोडंच पडलं तरी. छापखान्याचं बिल थेट ग्राहकाच्या नावे करा आणि देखरेखीचे पैसे वेगळे घ्या.

टीडीएस म्हणजे तुमच्या नावावर आगाऊ भरलेला कर. व्यावसायिक सेवेवर, एका कंपनीकडून वर्षात ५० हजारांहून जास्त मिळणार असतील तर, १० टक्के कापतात. नव्या कर पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे १० लाख ८० हजारांच्या बिलांवर १ लाख ८ हजार कापले जातील, आणि ते विवरणपत्र भरल्यावरच परत येतील. घरखर्चाच्या गणितात ही अडकलेली रक्कम धरा. कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र प्राप्तिकर खात्याकडून मिळवता येतं. कपात खरंच जमा झाली का, हे दर तिमाहीला प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरच्या तुमच्या वार्षिक कर-विवरणात (जुन्या कायद्यातला फॉर्म २६एएस) बघा. पॅनचा एक आकडा चुकला तर पैसे भलत्याच्या नावावर दिसतात.

अंदाजित नफ्याची सवलत, म्हणजे जुन्या प्राप्तिकर कायद्यातलं ४४एडीए कलम, बिलांची निम्मी रक्कम नफा धरते. पण ती ठरावीक व्यवसायांनाच आहे. त्या यादीत इंटिरियर डेकोरेशन आहे, चित्रपटाचे संकलक आणि कलादिग्दर्शक आहेत, ग्राफिक डिझायनर हा शब्द नाही. तुमचं काम कशात बसतं हे सीएकडून लेखी घ्या. प्राप्तिकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे क्रमांकही बदलले आहेत.

व्यवसाय कर बहुतेक जण विसरतात. पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला २,५०० कंपनी कापून भरत होती. आता स्वतःच्या नावाने पीटीईसी (व्यवसाय कराची वैयक्तिक) नोंदणी करून तेवढेच दरवर्षी ३० जूनपर्यंत तुम्ही भरायचे.

प्रश्न : तुर्भ्याच्या एका कारखान्याचा कॅटलॉग करून दिला. चार महिने झाले, ‘साहेब बाहेर आहेत’ एवढंच ऐकतोय. काय करू?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : पहिला प्रश्न हा, की काम घेण्याआधी तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, होती का? ती ऑनलाइन आणि मोफत होते. आधार आणि पॅन पुरतं. कुणी फी मागितली तर तो एजंट आहे. नोंदणी असेल तर एमएसएमईडी कायदा २००६ (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा) तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशिरावर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या ‘बँक रेट’ या व्याजदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च करातून वजा मिळत नाही.

हे शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं आहे. साहेबांच्या मागे लागू नका, अकाउंट्सला ईमेल करा. बिल क्रमांक, तारीख, काम मिळाल्याची पोच, उद्यम क्रमांक आणि देय तारीख एवढंच लिहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचा सीएच थकबाकीची यादी मागतो, तेव्हा तुमचं नाव वर येतं. तरीही हललं नाही तर कायदेशीर नोटीस आणि मग सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज.

नोंदणी नव्हती, तर या कामासाठी नोटीस आणि दिवाणी मार्ग उरतो. नोंदणी आजच करा, पण ती पुढच्या कामांसाठी.

पुढच्या वेळी ५० टक्के आगाऊ, ३० टक्के डिझाइन मंजुरीला, २० टक्के छपाईच्या फाइल्स देण्याआधी. मंजुरीपर्यंत कमी रेझोल्यूशनचं, वॉटरमार्क असलेलं पीडीएफच पाठवा. मूळ फाइल एकदा गेली की हातात काही राहत नाही. आणि काम मधेच थांबलं तर आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, हे कोटेशनवरच छापा.

प्रश्न : एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी रंगचित्र करून दिलं होतं. करार नव्हता. आता त्यांनी त्याच चित्राचं कॅलेंडर काढलं. मी त्या चित्राच्या कापडी पिशव्या विकू शकते का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : वाईट वाटेल, पण परवानगीशिवाय विकू नका. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार फोटो, रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून केलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. कॅलेंडरबद्दल तक्रार करण्याची तुमची बाजू त्यामुळे कमकुवत आहे. कलम ५७ मुळे चित्रकार म्हणून नावाचा हक्क मात्र तुमचाच आहे. कॅलेंडरवर नाव नसेल किंवा चित्राची मोडतोड करून तुमच्या लौकिकाला धक्का लावला असेल, तर लेखी हरकत घ्या.

दिवाळी अंकांची कामं पावसाळ्यात सुरू होतात. यंदा चित्र हाती घेण्याआधी एक ईमेल पाठवा आणि त्यावर ‘मान्य’ असं उत्तर घ्या. त्यात लिहा : कॉपीराइट चित्रकाराकडे, वापर फक्त या वर्षीच्या अंकाचं मुखपृष्ठ आणि त्याची जाहिरात यांपुरता, कॅलेंडर किंवा अन्य वस्तूंसाठी वेगळा मोबदला, मूळ चित्र अंक निघाल्यापासून ३० दिवसांत परत. संपादकांना हक्क विकतच हवे असतील तर किंमत वाढवून करार कागदावर करा. हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीचं असावं लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर कलम १९ ती पाच वर्षं धरतं, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. मानधन कमी असलेल्या अंकांसाठी तर ही ईमेल आधी पाठवा, कारण तिथे उरलेले हक्क हीच खरी कमाई असते.