शंका-समाधान: मोडी कागदावरचा सुहूर सन

प्रश्न : घरातल्या जुन्या इनामाच्या मोडी कागदावर ‘सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ’ असं आहे. हे कोणतं वर्ष?

उत्तर : सुहूर सन ही मराठेशाहीच्या कागदांवर वापरली जाणारी कालगणना. त्यातले हे शब्द म्हणजे अरबी अंक आहेत. एकक आधी, मग दशक, शेकडा, हजार. इहिदे म्हणजे 1, सितैन 60, मया 100, अलफ 1000, बेरीज 1161. सुहूर सन मृग लागताना, म्हणजे मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला बदलतो. त्यामुळे इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला 599 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. तुमचं साल 1760-61, पानिपतचंच.

नेमका दिवस हवा तर ‘छ’ पुढचा आकडा पाहा. ती मुसलमानी महिन्याची चंद्रतिथी असते. हे महिने दरवर्षी सुमारे 11 दिवस मागे सरकतात, म्हणून रबिलावल म्हणजे अमुक इंग्रजी महिना असं ठरवू नका; जंत्रीच (तारखा जुळवून देणारं कोष्टक) लागते. अर्बा (4) आणि अर्बैन (40) यांतही घाईत गफलत होते, आणि मग साल 36 वर्षांनी चुकतं.

मात्र साल जुनं म्हणून कागद जुना असेलच असं नाही. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनने मुंबई इलाख्यात सनदा तपासायला घेतल्या, तेव्हा इनामदारांना पुरावे दाखवावे लागले. नकला झाल्या, आणि काही बनावटही. कागद उजेडासमोर धरा. इंग्रजी गिरणीचा जलचिन्हांकित कागद असेल तर त्यात बहुधा साल सापडतं. ते 1761 नंतरचं निघालं, तर हातातली नक्कल आहे. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका.