पेरूजाला ये, आणि इटालियन मराठीतून शिक

तुझं पत्र दोनदा वाचलं. नागपूरला आर्किटेक्चर झालं, आता जुन्या इमारतींच्या जतनाचं पुढचं शिक्षण इटलीत आणि इटालियनमधूनच घ्यायचं, त्याआधी सहा महिने इथे येऊन फक्त भाषा शिकायची, असं ठरवलं आहेस. फ्लॉरेन्स की पेरूजा, कुणाच्या घरी राहायचं की मुलींबरोबर फ्लॅट घ्यायचा, व्हिसाचं कसं, शाकाहारी माणसाने खायचं काय, आणि "ताई, माझं इंग्रजी चांगलं आहे, सुरुवातीला त्यावर निभेल ना?" शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. बाकीची उत्तरं त्यावरच ठरतात.

निभेल, आणि मला काळजी त्याचीच वाटते. मी 2014 साली भंडाऱ्याहून थेट पेरूजाला आले. पहिले तीन महिने चार मुलींच्या फ्लॅटवर राहिले. मुली चांगल्या होत्या, पण सगळ्यांचं आपसात इंग्रजी. सकाळी चार तास वर्ग, घरी आलं की स्वयंपाक, भांडी, गप्पा, भांडणं सगळं इंग्रजीत. तीन महिन्यांनी ए-2 ची, म्हणजे भाषेच्या सहा पायऱ्यांपैकी दुसरीची, परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाले. त्याच आठवड्यात घसा धरला म्हणून औषधाच्या दुकानात गेले, तर "तीन दिवसांपासून दुखतोय" हे साधं वाक्य मला जुळवता येईना. मागे लोक उभे होते. त्या दिवशी खोली बदलायचं ठरवलं.

म्हणून तुला आधीच सांगते, एखाद्या इटालियन कुटुंबात किंवा एकट्या राहणाऱ्या बाईंच्या घरी खोली घे. थोडी महाग पडेल, रात्री उशिरा आवाज करता येणार नाही, स्वयंपाकघर त्यांच्या वेळेने वापरावं लागेल. तरीही घे.

मला ज्या सिन्योरा, म्हणजे बाई, मिळाल्या त्या सत्तरीच्या होत्या. त्यांच्याकडे रविवारी 'तोर्ता अल तेस्तो' व्हायची. ही उंब्रियाची, म्हणजे पेरूजाच्या प्रांताची भाकर. तेस्तो म्हणजे जाड गोल तवा. गव्हाच्या पिठाचा जाडसर गोळा थापून त्यावर भाजतात, मग मधोमध चिरून आत शिजवलेली पालेभाजी भरतात. एका रविवारी मी उशिरा आले, ताटलीत ठेवलेला तुकडा खाल्ला. त्यांनी विचारलं, "ए ला तोर्ता?" मी म्हटलं, "लो मांज्यातो." त्यांनी पीठ मळता मळता, मान वर न करता दुरुस्त केलं, "मांज्याता."

हा नियम मी वर्गात तीनदा लिहून घेतला होता. पुस्तकात तो इंग्रजीतून समजावलेला, म्हणून डोक्यात बसत नव्हता. त्या रात्री वहीत सहज मराठीत लिहिलं: भाकर कुठाय? खाल्ली. आंबा कुठाय? खाल्ला. भाकर खाल्ला असं मी जन्मात म्हटलं नसतं! इटालियनमध्ये वस्तूच्या जागी सर्वनाम येऊन ते क्रियापदाच्या आधी बसलं की भूतकाळाचं रूप त्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतं. आणि जाणं-येणं यांसारख्या क्रियापदांना ते कर्त्याप्रमाणे बदलतं. बाई म्हणते 'सोनो आंदाता', पुरुष म्हणतो 'सोनो आंदातो'. आपलं 'मी गेले' आणि 'मी गेलो'. माझ्या वर्गातली अमेरिकन मुलं यावर महिनाभर अडली होती.

मग मी वहीची दोन भागांत घडी घातली, डावीकडे इटालियन, उजवीकडे मराठी, इंग्रजी कुठेच नाही. 'मी प्याचे' म्हणजे 'मला आवडतं'. एक वस्तू असेल तर 'प्याचे', अनेक असतील तर 'प्याच्चोनो', जसं आपलं आवडतं आणि आवडतात. इंग्रजीतून गेलीस तर 'मी आवडते' असं उलटं वाक्य तयार होतं आणि ते सुधारायला वर्ष जातं. कर्ता गाळणं तर आपल्या अंगवळणीच आहे. 'जातेस का?' यात 'तू' लागत नाही, तसंच इथे 'वाय?' एवढंच पुरतं.

उच्चारातही इंग्रजी बाजूला ठेव. इटालियन त आणि द हे आपले दाताचे त, द आहेत. नागपूरच्या क्लासमध्ये 'पास्टा', 'टोर्टा' शिकवलं असेल तर आजपासून पास्ता, तोर्ता म्हण. जोडाक्षरांचा दाब नीट दे: सेते म्हणजे तहान, सेत्ते म्हणजे सात. नोनो म्हणजे नववा, नोन्नो म्हणजे आजोबा. कासा म्हणजे घर, कास्सा म्हणजे दुकानातला गल्ला. एकेरी व्यंजनाआधी स्वर लांबतो, जोडाक्षराआधी आखूड होतो, आपल्या पाटी आणि पट्टीसारखं. फक्त लिंगाच्या बाबतीत मराठीवर विसंबू नकोस. आपला हात पुल्लिंगी, त्यांचा 'ला मानो' स्त्रीलिंगी, आणि नपुंसकलिंग त्यांच्याकडे नाहीच. प्रत्येक शब्द पुल्लिंगाचं 'इल' किंवा स्त्रीलिंगाचं 'ला' लावूनच पाठ कर.

आता शहर. तुझ्या विषयासाठी फ्लॉरेन्सचं आकर्षण मला समजतं, पुढे पदवीला तिथे जरूर जा. पण भाषेच्या सहा महिन्यांसाठी नको. तिथे पर्यटक आणि अमेरिकन विद्यार्थी इतके, की तू अडखळलीस की समोरचा वेटर लगेच इंग्रजीवर येतो. पेरूजात परक्यांना इटालियन शिकवण्याचे वर्ग 1921 पासून चालत आले आहेत. परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं विद्यापीठ गावाच्या मध्यावर, पालाझ्झो गाल्लेंगा नावाच्या वाड्यात आहे, समोर एत्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधीच्या लोकांच्या काळाची दगडी कमान. तू तर तिथे रोज दहा मिनिटं थांबशील. असंच विद्यापीठ सिएनालाही आहे. गाव सुंदरच, पण तोस्कानातले, म्हणजे सिएना-फ्लॉरेन्सच्या प्रांतातले लोक बोलताना क चा ह करतात, 'ला कासा' ऐकू येतं 'ला हासा'. नवशिक्या कानाला ते जड जातं.

पेरूजा डोंगरावर आहे. खोली बघताना नकाशावरचं अंतर बघू नकोस, चढ बघ. खालच्या भागातून वर यायला रोक्का पाओलिना या सोळाव्या शतकातल्या किल्ल्याच्या पोटातून सरकते जिने आहेत. पोपच्या मिठावरच्या करावरून पेरूजाने बंड केलं, त्या 1540 च्या मिठाच्या युद्धानंतर पोप तिसऱ्या पॉलने तो बांधून घेतला. पेरूजाचे लोक सांगतात की तेव्हा पोपच्या मिठावर रुसून त्यांनी ब्रेडमध्ये मीठ घालणं सोडलं. कारण तेच असो वा नसो, इथला ब्रेड आजही अळणी असतो, पहिल्या दिवशी चुकलेला वाटतो.

खाण्याची काळजी सोड. उंब्रियात कडधान्यं भरपूर: कास्तेल्लुच्चोची बारीक मसूर, घेवडे, चणे. आणि 'चिचेर्क्या' म्हणजे आपली लाखोळी! बाजारात पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तिथेच पोत्यापाशी उभी राहिले. भंडाऱ्याला धानाच्या बांधीत पेरतात तीच डाळ, इथे रोझमेरी आणि ऑलिव्ह तेल घालून तिचं सूप करतात. बाहेर खाताना नुसतं 'शाकाहारी' म्हणू नकोस, 'सेन्झा कार्ने ए सेन्झा पेशे', मांस नको आणि मासेही नकोत, असं सांग. तोर्ता किंवा पाव घेताना 'स्त्रुत्तो' आहे का विचार, ती डुकराची चरबी असते. पार्मेझान चीज करताना दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, ते चालतं की नाही हे तुझं तू ठरव.

कागदपत्रं थोडक्यात सांगते. 90 दिवसांहून जास्त राहायचं तर डी प्रकारचा, शिक्षणाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या इटालियन कॉन्सुलेटकडे जातात. कोर्सच्या पत्रात तारखा आणि आठवड्याचे तास स्पष्ट लिहून घे, आठवड्याला 20 तासांचा कोर्स असला तर बरं. भाषा का शिकायची हे जतनाच्या शिक्षणाशी जोडून खरं खरं लिही. तुझी बाजू त्याने भक्कम होते.

इथे उतरल्यावर 8 कामाच्या दिवसांत 'पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो' म्हणजे वास्तव्याच्या परवान्याचा अर्ज करायचा. त्याचा लिफाफा पोस्टात मिळतो. त्याआधी 'तबाक्की'त जाऊन 16 युरोचा 'मार्का दा बोल्लो', म्हणजे अर्जाला लावायचा सरकारी स्टॅम्प घे. तबाक्की म्हणजे दारावर पांढऱ्या टी अक्षराची पाटी असलेलं दुकान. बसचं तिकीटही तिथेच मिळतं. पोस्टाची पावती पासपोर्टसोबत जपून ठेव. मग पोलिसांच्या कचेरीत, 'क्वेस्तुरा'त, बोटांचे ठसे द्यायला बोलावतात. कार्ड हातात यायला महिने लागतात, घाबरू नकोस. घरमालकानेही तू राहायला आल्यापासून 48 तासांत पोलिसांना कळवायचं असतं. त्यांना पहिल्याच दिवशी आठवण कर.

खोलीचे पैसे भारतातून आगाऊ पाठवू नकोस. मी पहिल्या खेपेला फोटो पाहून एका माणसाला दोन महिन्यांचं डिपॉझिट पाठवलं. किल्ली कधी मिळाली नाही, पैसेही गेले. बाबांच्या निवृत्तीच्या रकमेतले होते ते. पहिला आठवडा हॉस्टेलवर काढ, खोली डोळ्यांनी बघ, नोंदणी केलेला करार माग.

सहा महिन्यांत बी-2, म्हणजे चौथी पायरी, होईल का? ए-2 पक्कं करून आलीस आणि मी म्हणते तशा घरात राहिलीस, तर होऊ शकतं. पेरूजाच्या विद्यापीठाची 'चेली 3' परीक्षा बी-2 चीच असते, तिच्यावर नजर ठेव. पहिला महिना संध्याकाळी डोकं दुखेल, घरी फोन करून मराठीत बोलावंसं वाटेल. बोल, रोज बोल, त्याने काही बिघडत नाही. मात्र खोलीच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की इटालियन.

जानेवारीचा कोर्स धरणार असशील तर लोकरीचे मोजे जास्त आण, घरं गरम करायचे तासही कायद्याने ठरलेले असतात. हळद, तिखट आणि काळा मसाला आण. लाखोळी आणि तवा आणू नकोस, दोन्ही इथे आहेत. सिन्योरांच्या घरची माझी जुनी खोली या उन्हाळ्यात रिकामी होतेय. तुझं नक्की झालं की मला लगेच कळव, मी त्यांच्याशी बोलून ठेवते.