सोन्याची निब घ्यावी का?

प्रश्न: ताई, मी सांगलीत विश्रामबागला राहतो, बँकेत आहे, रोज चार-पाच पानं हातानं लिहायची सवय आहे, तर पंधरा-वीस हजारांचा फाउंटन पेन घेणं म्हणजे नुसती हौस की खरंच फरक पडतो?

उत्तर: फरक पडतो, पण किमतीएवढा नाही पडत बघा. महागड्या पेनात 14 किंवा 18 कॅरेटची निब असते, ती शाईनं गंजत नाही हे खरं, पण कागदाला टेकतं ते सोनं नसतंच, टोकाला कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असतो आणि तसाच मणी चांगल्या स्टीलच्या निबला पण असतो, मग गुळगुळीत चालणं ठरतं ते तो कसा घासलाय त्यावर. बाकी पैसे बॉडीचे, शाई आत ओढणाऱ्या पिस्टनचे आणि नावाचे, माँट ब्लां कंपनीचं माइस्टरश्टुक हे महागडं पेन 1924 पासून चालू आहे, त्या नावाचे पैसे लागणारच की! तुम्ही आधी लामी सफारी नाहीतर पायलट मेट्रोपॉलिटन असा स्टीलच्या निबचा पेन घ्या, आणि कागद बरा आणा, पातळ वहीवर शाई फुटली तर लाखाचा पेन तरी काय करणार. अधूनमधून साध्या पाण्यानं धुवा, गरम नको. आणि काउंटरवर कुणी स्लिप भरायला पेन मागितला तर गपचूप बॉलपेन पुढं करायचा.