लीन उत्पादनपद्धत खाणीत चालते का? कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सुरुवात कुठून करू?

चालते. लीन म्हणजे कामातली नासाडी शोधून काढून टाकणं. फक्त फाइव्ह-एसपासून, म्हणजे जागा आवरून प्रत्येक वस्तू ठरल्या जागी ठेवण्यापासून, सुरुवात करू नका. आमच्याकडे तेच झालं होतं: वर्कशॉपच्या फरशीवर पिवळे पट्टे, पाने-पक्कडी फळीवर ओळीने, आणि बाहेर डंपरची रांग होती तेवढीच.

दक्षिण सिंधुदुर्गात एका लोहखनिजाच्या खाणीवर मी टाइमकीपर होतो. एक पोकलेन, ११ डंपर. टोयोटात ही पद्धत घडवणारे ताइची ओनो म्हणे जमिनीवर खडूने वर्तुळ काढून माणसाला त्यात उभं करायचे, नुसतं बघत राहा म्हणून. तेव्हा मला ओनो कोण ते ठाऊक नव्हतं. मी काजूच्या सावलीत घड्याळ आणि वही घेऊन उभा राहिलो. डंपर भरायला ४ मिनिटं. भरून, प्लांटवर ओतून, रिकामा परत यायला सगळी मिळून २८. म्हणजे ७ गाड्या पुरे. ११ लावल्या की प्रत्येक गाडी दर खेपेला १६ मिनिटं रांगेत, इंजिन चालू. एक ड्रायव्हर म्हणाला, "माका अर्धो पगार झोपेचोच गावता."

मॅनेजरना वही दाखवली. म्हणाले, "खेपा कमी पडतायत तर अजून दोन डंपर लावू." अहो, पोकलेनचा हात त्याने लवकर फिरणार आहे का? पण रांग लांब दिसली की मालकाला काम चाललंय असं वाटतं. माझं हे मत आजही बदललेलं नाही.

मग शिमगा आला. पालखी नाचवायला चार ड्रायव्हर गावी गेले, उरले सात. मॅनेजरनी कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर खेपा थोड्या घटल्या, कारण वजनकाट्यावर एखादी गाडी अडकली की पोकलेन रिकामं. दोन दिवसांनी एक ड्रायव्हर परतला. आठ गाड्यांवर खेपा अकरांच्या बरोबरीला! शिमगा संपताच पुन्हा अकरा सुरू. पुढच्या वर्षी सल्लागार आले, महिनाभर राहिले आणि रंगीत तक्त्यातून आठच काढून दिल्या. सत्कार त्यांचा झाला. वही माझ्याकडे आहे अजून.

तेव्हा व्हॅल्यू स्ट्रीमचा नकाशा, म्हणजे माल सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा जातो नि कुठे थांबतो याचं चित्र, जरूर काढा, पण वजनकाट्यापाशी उभं राहून. लीनमध्ये मोजतात त्या सात नासाड्यांतली वाट पाहण्याची नासाडी खाणीत पहिली सापडेल.

हां, साठ्याचं राहिलंच. साठा म्हणजे नासाडी, हे कोकणात जसंच्या तसं लावू नका. मृगाचा पाऊस लागला की खड्डा भरतो. मेअखेर प्लांटपाशी ढीग नसेल तर पावसाळाभर पंप चालवत बसाल. तो ढीग झाकलेलाही हवा. बारीक खनिज ओलं चढवलं की जहाजाच्या हेलकाव्यांनी त्याचा चिखल होतो. २००९ च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ 'एशियन फॉरेस्ट' बुडालं ते असलाच माल घेऊन.

मोजणी निदान आठ दिवस करा, दोन्ही पाळ्यांत. पगाराच्या दिवसाचा आकडा मात्र धरू नका.